वहिनी वजन उचलतात

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला सासूबाई पलंगावरून उठायला गेल्या आणि उठता उठता बसल्या. पलंगावरच बसल्या असत्या तर काही प्रश्न नव्हता. त्या पलंग आणि कपाट यांच्यामधल्या हातभर जागेत, जमिनीवर, पाय लांब करून बसल्या. लागलं काहीच नाही. "मी ठीक आहे," असं त्यांनी आतूनच जाहीर केलं, "फक्त मला आता इथून हलता येत नाहीये."

वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या. वहिनी म्हणजे सगळ्या बिल्डिंगच्या वहिनी; वय एकोणपन्नास, एका सरकारी कचेरीत आवक-जावक विभागाच्या प्रमुख. त्यांनी सासूबाईंच्या काखेत हात घालून जोर लावला. सासूबाई वीतभर वर आल्या आणि परत खाली गेल्या. दुसऱ्या वेळी चार बोटं वर आल्या. तिसऱ्या वेळी सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, वहिनी मात्र त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या. तेवढ्यात वहिनींचे यजमान आले. ते शाळेत भूगोल शिकवत, त्यामुळे घरात आणि बाहेर सगळे त्यांना सर म्हणत. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेत उसण भरली होती आणि ती त्यांनी तेव्हापासून जपून ठेवली होती. त्यांनी दारातूनच परिस्थितीची पाहणी केली आणि "कुणाला तरी बोलवायला हवं," एवढा निष्कर्ष काढला.

"परक्या पुरुषाचा हात मी लावून घेणार नाही," सासूबाई म्हणाल्या.

झालं. सासूबाईंनी एकदा नाही म्हटलं की त्यावर अपील नसतं. त्यांना तिथेच चहा दिला. तिथेच पेपर दिला. त्यांनी शब्दकोडं सोडवायला घेतलं, आणि मधे त्यांच्या बहिणीचा फोन आला तेव्हा "काही नाही गं, जरा बसलेय," असं सांगून पाऊण तास बोलल्या. शेवटी समोरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त मुख्याध्यापिकांनी तोडगा काढला. सासूबाईंच्या खाली चादर सरकवायची आणि चादरीचे चार कोपरे चौघांनी धरायचे. म्हणजे हात लागेल तो चादरीला. सासूबाईंनी विचार करून संमती दिली. एक कोपरा वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअरांनी धरला, एक त्यांच्या मुलीने, एक मुख्याध्यापिकांनी आणि एक वहिनींनी. सासूबाई गाठोड्यासारख्या वर उचलल्या गेल्या आणि पलंगावर पोचल्या. वाटेत फक्त एकच कोपरा खाली झुकला. तो वहिनींचा होता.

सगळे गेल्यावर सासूबाईंनी पदर नीट केला आणि म्हणाल्या, "तू म्हणे कॉलेजात वजनं उचलायचीस."

वाक्यात तसं वावगं काही नव्हतं. पण ते 'म्हणे' वहिनींच्या जिव्हारी लागलं. त्या खरंच उचलायच्या. विद्यापीठाच्या संघात होत्या, डोक्यावर साठ किलो तोलून धरलेले होते, आणि हे सगळं कपाटातल्या एका प्रमाणपत्रावर लिहिलेलं होतं. मग नोकरी, लग्न, मूल, बदली आणि पुन्हा बदली यांत सव्वीस वर्षं कधी गेली ते कळलं नाही. प्रमाणपत्र जागेवर होतं. साठ किलो तेवढे निघून गेले होते.

दुसऱ्याच दिवशी वहिनी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेल्या.

इथे सेक्रेटरींची ओळख करून द्यायला हवी. ते वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं दुकानादुकानांतून फिरून काटे आणि वजनं तपासण्यात गेली होती, आणि अंगानं ते स्वतः इतके किरकोळ होते की बिल्डिंगने त्यांचं नाव 'तोळामासा' ठेवलं होतं. ते त्यांनाही माहीत होतं. तळमजल्यावर 'व्यायामकक्ष' अशी पाटी असलेली एक खोली होती आणि तिची किल्ली त्यांच्याकडे असे. बिल्डरने बिल्डिंग बांधताना त्या खोलीत वजनं ठेवली होती, आणि नंतरच्या लोकांनी त्या वजनांवर टेबलटेनिसचं अर्धं टेबल, दोन लंगड्या खुर्च्या आणि चेअरमनांच्या घरातलं शिवणयंत्र ठेवलं होतं. व्यायामाची सायकलही होती. तिच्यावर कुणाचा तरी पडदा वाळत होता.

"नियम नऊ," तोळामासा वही उघडून म्हणाले, "महिलांसाठी वेळ, सकाळी अकरा ते दुपारी चार."

"मी दहा ते सहा ऑफिसात असते."

"मग नियम बदलावा लागेल. त्याला सर्वसाधारण सभा लागते. सभेला गणपूर्ती लागते. मागच्या तीन सभांना मी आणि चेअरमन एवढेच होतो, आणि चेअरमन मधेच उठून गेले."

वहिनींनी आयुष्य आवक-जावकमध्ये काढलेलं होतं. ज्या कागदावर नाही लिहिलेलं असतं त्याच कागदावर थोडं खाली कुठेतरी हो लिहिलेलं असतं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी वही स्वतःकडे ओढून घेतली आणि बारावा नियम काढून दिला. 'सामानाच्या तपासणीसाठी खोली रोज सकाळी सहा ते सात उघडी राहील.'

तोळामासांनी तो नियम दोनदा वाचला. तपासणी हा शब्द बघून त्यांचा चेहरा जरा मऊ झाला. "म्हणजे तुम्ही तपासणीसाठी येणार. तशी नोंद करतो. पण तपासणी म्हटली की तीन महिन्यांनी अहवाल लागेल. आणि डॉक्टरांचं प्रमाणपत्र."

कोपऱ्यावरचे डॉक्टर गेली तीस वर्षं माणसं आजारी असल्याची प्रमाणपत्रं देत आले होते. आपण धडधाकट आहोत असं लिहून मागणारं कुणी त्यांना भेटलेलं नव्हतं. त्यांनी वहिनींचा रक्तदाब तीनदा घेतला, "घरी सगळं ठीक आहे ना," असं हळूच विचारलं, आणि सवयीने 'आठ दिवस पूर्ण विश्रांती आवश्यक' असं लिहून सही केली. ते बदलून घ्यायला पुन्हा एकदा रांगेत बसावं लागलं.

एवढ्या दोन दिवसांत बातमी बिल्डिंगभर झाली होती. मुख्याध्यापिकांनी वर्तमानपत्रातली कात्रणं लावलेली फाईल आणून दिली. पहिल्या कात्रणात पन्नाशीनंतर वजन उचलावं असं होतं, दुसऱ्यात उचलू नये असं होतं, आणि तिसरं पापडखाराबद्दल होतं. ते चुकून लागलं असावं. वरचे इंजिनिअर एकेकाळी सहा दिवस जिमला गेलेले होते. त्या सहा दिवसांच्या अनुभवावर त्यांनी वहिनींना जिन्यात अर्धा तास उभं करून श्वास कुठे सोडायचा ते सांगितलं. सरांनी मात्र फक्त एवढंच सांगितलं, की खंडसुद्धा वर्षाला दोन-तीन सेंटिमीटरच सरकतात, घाई करत नाहीत.

वहिनींनी घाई केली.

पहिल्या सकाळी शिवणयंत्र बाजूला सारून त्यांनी रॉड बाहेर ओढला. लोखंडाचा तो गार, खरखरीत स्पर्श तळहाताला झाला आणि सव्वीस वर्षं कुठल्या कुठे गेली. नुसत्या रॉडवर थांबायला हवं होतं. पण रॉडवर दहा लिहिलेलं होतं आणि दहाची त्यांना लाज वाटली. त्यांनी दोन्ही बाजूंना दहा-दहाची एकेक प्लेट चढवली, पाय रोवले, आणि तीस किलो छातीपर्यंत आणून डोक्यावर नेले. जरा डावीकडे कलले, पण गेले. मग पुन्हा नेले. असं वीस वेळा झालं. घरी येऊन त्यांनी सासूबाईंना ऐकू जाईल अशा आवाजात सरांना सांगितलं, "तीस. पहिल्याच दिवशी."

त्या दिवशी काहीच झालं नाही. जे झालं ते दुसऱ्या दिवशी.

सकाळी त्यांना वेणी घालता येईना. हात खांद्यापर्यंत येत आणि तिथून पुढे जायला नकार देत. वेणी शेवटी सरांनी घातली. ती एखाद्या नदीच्या वळणांसारखी झाली. ऑफिसच्या पायऱ्या वहिनी खेकड्यासारख्या आडव्या चढल्या. आणि नेमकी त्याच दिवशी साहेबांनी बैठक बोलावली होती. आवक-जावक विभाग पहिल्या मजल्यावरून तळघरात हलवावा असा प्रस्ताव होता. विभागात अकरा माणसं, आणि या प्रस्तावाविरुद्ध गेला महिनाभर सगळ्यात जास्त बोललेल्या होत्या त्या वहिनी.

"ज्यांचा विरोध आहे त्यांनी हात वर करा," साहेब म्हणाले.

पाच हात वर गेले. सहावा वहिनींचा. तो खांद्यापर्यंत आला आणि थांबला. वहिनींनी दात-ओठ खाल्ले. हात कानापर्यंत पोचला आणि तिथे थरथरायला लागला. केस नीट करतायत असं साहेबांना वाटलं असावं. "विरोधात पाच," ते म्हणाले, "उरलेले सहा बाजूने. प्रस्ताव मंजूर."

"साहेब, माझा विरोध आहे," वहिनी म्हणाल्या.

"ताई, मोजणी झाली. इतिवृत्तात आलं ते आलं."

आवक-जावक विभाग आठवड्याभरात तळघरात गेला. तिथे खिडकी नव्हती. वहिनींशी त्यानंतर पंधरा दिवस कुणी जेवणाच्या सुट्टीत बोललं नाही. स्नायू दुखत असल्यामुळे हात वर झाला नाही, हे त्यांनी दोघातिघांना समजावून सांगितलं. पण अशा कारणावर विश्वास ठेवणारा सहकारी अजून जन्माला यायचा आहे.

डावा खांदा मात्र दुखायचा थांबेना. तेव्हा वहिनी फिजिओथेरपिस्टबाईंकडे गेल्या. बाई तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी खांदा सगळ्या दिशांना फिरवून पाहिला आणि विचारलं, "किती वर्षांनी?"

"सव्वीस."

"आणि सुरुवात कितीने केलीत?"

वहिनींनी आकडा सांगितला. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे बघा. एकदा कमावलेले स्नायू परत येतात, आणि पहिल्यापेक्षा लवकर येतात. त्यांची काळजी करू नका. पण सांधे आणि शिरा त्या वेगाने येत नाहीत. स्नायूंना वाटतं आपण अजून विशीत आहोत. खांद्याला तसं वाटत नाही. पंधरा दिवस विश्रांती, मग नुसता रॉड. आठवड्यातून तीनच दिवस. दोन पेले दूध, डाळी, अंडी खात असाल तर अंडी, आणि झोप. संपलं की अजून दोनदा उचलता आलं असतं असं वाटलं पाहिजे."

"नुसता रॉड?"

"नुसता रॉड."

नुसता रॉड घेऊन उभं राहण्यात किती अपमान असतो ते ज्याने कधी साठ उचललेत त्यालाच कळेल. मुख्याध्यापिका सकाळी फिरायला जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "हा दांडा कपडे वाळत घालायला चांगला होईल, नाही?" वहिनी मनात मोजत होत्या.

मोजण्याचं काम लवकरच सासूबाईंनी आपल्याकडे घेतलं. सर सकाळी दूध आणायला जात, आणि पडल्यापासून सासूबाईंना घरात एकटं नको वाटे. हे त्यांनी कबूल केलं नाही, पण एका सकाळी स्टूल घेऊन त्या लिफ्टपाशी येऊन उभ्या राहिल्या. "काय चाललंय ते बघते," म्हणाल्या. व्यायामकक्षात भिंतीशी बसून त्या मोठ्याने आकडे म्हणू लागल्या. त्यांची मोजणी कडक होती. गुडघे पुरते सरळ झाले नाहीत तर त्या आकडा पुढे नेत नसत. एकदा वहिनींनी 'सात' हा आकडा ओळीने तीन वेळा ऐकला. पुढे फिजिओबाईंनी सासूबाईंनाही काम लावून दिलं. हात न टेकता स्टुलावरून उठायचं आणि बसायचं, पाच वेळा.

"याला व्यायाम म्हणतात हे इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी त्या दीड वेळा उठल्या.

आणि मग खरंच काहीतरी व्हायला लागलं. सहाव्या आठवड्यात छोट्या प्लेट आल्या. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी पहिल्या दिवशीचे तीस परत आले, आणि या वेळी दुसऱ्या दिवशी वेणी घालता आली. तळघरातल्या लाकडी घोड्यावर चढून वहिनी वरच्या खणातले गठ्ठे स्वतः काढू लागल्या. पूर्वी त्यासाठी शिपायाची वाट बघावी लागे. सहकारी पुन्हा बोलायला लागले. पहिलं वाक्य "ताई, तो वरचा गठ्ठा जरा" असं होतं, पण सुरुवात म्हणून चांगलं होतं. तिसरा महिना संपता संपता वहिनींनी चाळीस उचलले. दिवसभरात त्यांनी ते साहेबांना, शिपायाला, फिजिओबाईंना आणि फोनवर परगावच्या लेकीला सांगितलं. रॉडचं डावीकडे कलणं तेवढं मात्र काही केल्या जात नव्हतं. इंजिनिअर म्हणत श्वास चुकतोय. मुख्याध्यापिका म्हणत तुम्ही लहानपणापासून डाव्या खांद्यावर पर्स अडकवली असणार.

त्याच आठवड्यात तोळामासा दाराशी आले. "तीन महिने झाले. तपासणीचा अहवाल."

वहिनी हसल्या. तोळामासा हसले नाहीत. नोंद तपासणीची होती, तर तपासणी व्हायला हवी होती. प्लेटांवर आकडे आहेत, पण शिक्का कुठेच नाही, हे त्यांना गेले तीन महिने खुपत होतं. त्यांच्या घरी निवृत्तीनंतर घेतलेला एक काटा होता, चांगला जडशीळ. वहिनींना तिथे घेऊन जाऊन, तो खाली न्यायचा कसा, असं म्हणत ते त्याच्याकडे नुसते बघत राहिले. "द्या इकडे," म्हणत वहिनींनी तो काखेत मारला आणि तीन मजले उतरून खाली नेला. ज्या काट्यावर आपली अब्रू जाणार आहे तो आपणच वाहून नेतोय, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हतं.

दहाचा रॉड नऊ किलो दोनशे ग्रॅम भरला. दहाच्या दोन प्लेटांपैकी एक नऊशंभर, दुसरी आठतीनशे. पाचच्या दोन्ही प्रत्येकी चार किलो चारशे. तोळामासांनी खडूने फरशीवर बेरीज मांडली आणि खाली रेघ मारली.

"पस्तीस किलो चारशे ग्रॅम," ते म्हणाले. "चाळीस नाहीत."

सासूबाई स्टुलावरून म्हणाल्या, "चारशे ग्रॅम धरायचेच ना?"

वहिनींनी काटा परत वर नेऊन ठेवला आणि घरी जाऊन दार लावून घेतलं. चाळीस किलो किती जणांना सांगितले होते ते त्या आठवत बसल्या. संपूर्ण आठवडा त्या खाली गेल्या नाहीत. सरांनी एकदा सुचवून पाहिलं की शिखरांची उंचीसुद्धा पुन्हा मोजली की बदलते, म्हणून शिखर बुटकं होत नाही. वहिनींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी तो विषय तिथेच सोडला. सासूबाई मात्र रोज सकाळी स्टूल घेऊन लिफ्टने खाली जात होत्या. एकट्याच. काय करत होत्या कुणी विचारलं नाही.

आठव्या दिवशी बेल वाजली. दारात तोळामासा होते. आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले.

"त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. दोन प्लेटांत आठशे ग्रॅमचा फरक आहे. जड प्लेट तुम्ही रोज डावीकडे लावत होतात. रॉड कलत होता तो त्यामुळे. खांदा तुमचा सरळच आहे." मग ते म्हणाले, "माझ्या नोकरीत मी वजनं खोटी ठरवली, माणसं नाही. चूक प्लेटांची आहे, वहिनी."

वहिनींनी पाणी आणून दिलं. तोळामासांनी पेला दोन्ही हातांनी धरला.

"आणि दुसरं असं, की गेल्या वर्षीच्या आजारपणानंतर मला तो काटा उचलता येत नाही. कुणाला सांगितलेलं नाही. पस्तीस वर्षं असले काटे बगलेत मारून फिरलो. तुम्ही तो घेऊन जिना उतरलात, मी मागून येत होतो. तुम्ही बोलतसुद्धा होतात. मला नुसतं उतरताना बोलता येत नव्हतं." त्यांनी पेला खाली ठेवला. "तपासणीला एक माणूस पुरत नाही असं मला वाटतं. नियमात तसं बसतं. माझं नावसुद्धा नोंदवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता व्यायामकक्षात तिघं होते. तोळामासांनी प्लेटांवरचे जुने आकडे घासून काढले होते आणि पांढऱ्या रंगाने खरे आकडे लिहिले होते, ग्रॅमसकट. त्यांच्या हातात वहिनींनी नुसता रॉडसुद्धा दिला नाही. पाण्याच्या दोन भरलेल्या बाटल्या दिल्या. "यात अर्धा-अर्धा लिटर आहे," तोळामासा म्हणाले, "मी मोजून भरलंय." सासूबाईंनी तेवढ्यात हात न टेकता पाच वेळा उठून दाखवलं, आणि गेला आठवडाभर त्या खाली काय करत होत्या ते सगळ्यांना कळलं.

पुढचे महिने काही खास घडलं नाही, आणि तेच चांगलं झालं. वजन दर पंधरवड्याला मूठभर वाढायचं, कधी वाढायचं नाही, एकदा सर्दीच्या तापात मागे गेलं आणि दोन आठवड्यांत परत आलं. बाटल्या जाऊन तोळामासांच्या हातात छोटे डंबेल आले. मुख्याध्यापिका "बघायला" म्हणून येऊ लागल्या आणि चौथ्या दिवशी साडीवर बूट घालून आल्या. तपासणी अधिकाऱ्यांची संख्या नऊ झाली तेव्हा चेअरमनांनी शिवणयंत्र आपण होऊन घरी नेलं.

साठ काही आले नाहीत. फिजिओबाईंनी विचारलं, "यायलाच हवेत का?" त्यावर वहिनींनी बरेच दिवस विचार केला. विशीतल्या त्या मुलीशी आपण रोज भांडतोय, आणि ती बिचारी उत्तरही देत नाही, असं त्यांना एक दिवस वाटलं. त्या दिवसापासून कपाटातलं प्रमाणपत्र त्यांना आठवेनासं झालं.

नवव्या महिन्यातल्या एका सकाळी तोळामासांनी रॉडवर प्लेटा चढवल्या, हलकी-भारी बाजू जुळवली आणि फरशीवर खडूने लिहिलं, बेचाळीस किलो पाचशे साठ ग्रॅम. इतकं त्या खोलीत कुणी उचललं नव्हतं. सर दुधाची पिशवी घेऊन दारातच थांबले होते. वहिनींनी तळहात पुसले, पाय रोवले, श्वास घेतला. रॉड छातीपर्यंत आला. क्षणभर तिथे थांबला. मग गुडघे किंचित वाकले, सरळ झाले, आणि तो डोक्यावर गेला. सरळ गेला.

कॉलेजात वजन डोक्यावर असताना वहिनींना वजन नीट उचललं हे सांगणाऱ्या पंचांच्या दिव्याखेरीज काही दिसत नसे. आता त्यांना सगळं दिसत होतं. मुख्याध्यापिकांचे बूट दिसत होते. तोळामासांच्या हातातला खडू दिसत होता. सरांच्या हातातल्या पिशवीतून दुधाचा एकेक थेंब फरशीवर पडत होता आणि सरांना त्याचा पत्ता नव्हता. सासूबाई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या, आणि आकडा म्हणायचा विसरल्या होत्या.

"ठेव आता खाली," त्या शेवटी म्हणाल्या. "बघितलं आम्ही."

वहिनींनी ते ऐकलं. पण लगेच खाली ठेवलं नाही.